डबा-संरक्षण मार्गदर्शिका (सुधारित आवृत्ती)

गोरेगावच्या स्वयंपाकघरातून सकाळी निघालेला माझा डबा साडेबाराच्या आत फोर्टातल्या कचेरीत येतो. वाटेत तो तीन-चार जणांच्या हातांतून जातो, सायकलला लटकतो, लोकलच्या मालडब्यात शेकडो भावंडांबरोबर दाटीवाटीने उभा राहतो आणि चर्चगेटला उतरून पुन्हा वाटला जातो. झाकणावर रंगाने काढलेली दोन-चार अक्षरं आणि आकडे एवढाच त्याचा पत्ता. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली ही व्यवस्था उभी केली. तेव्हापासून आजपर्यंत एखाद्या डबेवाल्याने मध्येच झाकण उघडून वांग्याची फोड उचलली, अशी तक्रार निदान माझ्या कानावर तरी आलेली नाही. 25 किलोमीटर डबा सुखरूप येतो. आणि माझ्या टेबलापासून कँटीनच्या टेबलापर्यंतच्या 25 पावलांत लुटला जातो.

प्रस्तुत मार्गदर्शिका त्या 25 पावलांपुरती आहे.

प्रथम फ्रीजमधल्या चोराचा निकाल लावू, कारण त्याच्यात फारसं काही नाही. नव्या पद्धतीच्या कचेऱ्यांत फ्रीज असतो आणि त्यात ठेवलेली वस्तू अर्धी होते. कोणी केली ते कळत नाही. हा चोर भित्रा असतो, एकटा असतो, आणि त्याला आपल्या कामाची लाज वाटते, म्हणजे मुळात तो कच्चाच. मी एकदा गुलाबजामच्या डब्यावर ‘हा डबा खाजगी आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. दुपारी पाहिलं, तर कुणीतरी लाल पेनने ‘खाजगी’चं ‘खासगी’ केलं होतं आणि गुलाबजाम नव्हते. पाक मात्र ठेवला होता. अशा माणसावर उपाय एकच: फ्रीजमध्ये काही ठेवू नये.

खरा अभ्यास करायचा तो उघड्यावर, भर दुपारी, चार लोकांसमक्ष आणि हसतमुखाने होणाऱ्या चोरीचा. चोरी हे शास्त्र आहे हे आपल्याला नवीन नाही. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवा. भिंतीला भोक पाडायचं ते कमळाच्या आकाराचं की चंद्रकोरीच्या, यावर तो आधी विचार करतो आणि मापाला दोरी नाही म्हणून जानवं वापरतो. आमच्या हिशेब खात्यातले एक गृहस्थ त्याच परंपरेतले. जानव्याचं ठाऊक नाही, पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ते चमचा बाळगतात. स्टीलचा, लांब दांड्याचा. डबा ते आणत नाहीत. ‘डाएट चालू आहे’ असं सांगतात. गेली नऊ वर्षं चालू आहे.

यांची कार्यपद्धती बारकाईने समजून घ्या. एक वाजून पाच मिनिटांनी ते टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घालतात. ही पाहणी. सगळी झाकणं उघडेपर्यंत ते बसत नाहीत. मग प्रश्न येतो, ‘काय आणलंय आज?’ हा प्रश्न नसून समन्स आहे. तुम्ही ‘मटकीची उसळ’ म्हणालात की पुढचं वाक्य, ‘बघू जरा चव.’ या ‘जरा’ची व्याख्या कुठल्याही कोशात नाही, पण अनुभवाने सांगतो, तीन चमचे. आणि तिसऱ्या चमच्याला, तोंड भरलेलं असताना, ब्रह्मास्त्र सुटतं: ‘वहिनींच्या हाताला चव आहे हो!’

इथे भलेभले पडतात. बायकोची अशी चारचौघांत स्तुती झाल्यावर डबा जवळ ओढून घेणारा नवरा महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. तुमच्याच तोंडून निघून जातं, ‘घ्या ना, घ्या!’ पुरणपोळीच्या दिवशी हे वाक्य मला सरासरी दोन पोळ्यांना पडतं.

संकष्टी चतुर्थीला परिस्थिती गंभीर होते. उपवास तुमचा असतो. गृहस्थांचा नसतो. पण साबुदाण्याच्या खिचडीचं असं आहे की ज्याचा उपवास नाही त्यालाच तिची खरी ओढ. उपवासवाला बिचारा सकाळपासून चहावर असतो आणि ज्याने घरी पोटभर पोहे खाल्लेत तो म्हणतो, ‘बटाट्याचा तो खरपूस तुकडा द्या हो.’ त्या दिवशी मी चंद्रोदयापर्यंत एक राजगिऱ्याची वडी आणि उरलेले शेंगदाणे यांवर काढतो. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं, हा प्रश्न मी हिशेब खात्याला विचारणार होतो, पण तिथे तेच बसतात.

(अर्थशास्त्रात कौटिल्याने सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. सरकारी नोकरांच्या डब्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.)

आता कायद्याची बाजू. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 303 मध्ये चोरी आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि आरोपीने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावतात. वाचून मी हरखलो. गृहस्थ कँटीनमध्ये आठवडाभर ताटं विसळताहेत हे चित्र डोळ्यांसमोर आलं. पण हरखणं घाईचं ठरलं. एक तर खाल्लेली उसळ परत करणं कुणाच्याच हिताचं नाही. दुसरं म्हणजे, चोरी ठरायला वस्तू मालकाच्या संमतीशिवाय घेतलेली असावी लागते, आणि ‘घ्या ना, घ्या’ तुम्हीच म्हणालेला असता, तेही सहा साक्षीदारांसमोर. तिसरं म्हणजे कलम 33. जे नुकसान इतकं किरकोळ आहे की समजूतदार माणूस त्याची तक्रारच करणार नाही, ते गुन्हा धरत नाहीत. मी समजूतदार नाही हे सिद्ध करून खटला पुढे नेता येईल, असं एका वकील मित्राने सुचवलं. पुरावे द्यायलाही तो तयार होता.

काही मंडळी भाजीत जमालगोटा घालायचा सल्ला देतात. असला सल्ला देणाऱ्याला सांगावं की इजा करण्याच्या हेतूने कुणाला असलं काही खाऊ घालणं हे त्याच संहितेच्या कलम 123 मध्ये येतं आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे भाजी खाणाऱ्याला फार तर समाजसेवा आणि भाजीवाल्याला तुरुंग. शिवाय जमालगोट्याच्या दिवशी नेमके साहेब चव बघायला येतात. साहेबांविषयी मार्गदर्शन मागू नये. साहेबांनी घेतलं त्याला नैवेद्य म्हणतात.

राहिले घरगुती उपाय. सर्व मी स्वतःवर करून पाहिले आहेत.

तिखट. कायदेशीर आहे, कारण आपण स्वतःही तेच खाणार असतो, आणि तिथेच त्याची अडचण आहे. मी लवंगी मिरचीचा ठेचा भाजीत कालवून नेला. मिरचीतलं जे झोंबतं ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून मी पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या तरी जीभ पेटलेलीच. समोर गृहस्थ शांतपणे शेजारच्याच्या डब्यातलं दही खात होते. ‘जरा झणझणीत हवं होतं,’ म्हणाले. ते मूळचे कोल्हापूरचे, हे मला आधी कळायला हवं होतं.

वास. सुकटीने टेबल रिकामं होईल असा माझा हिशेब होता. निम्मं झालंही. पण वरच्या दोन मजल्यांवरची मालवणी मंडळी वासाच्या मागावर खाली उतरली, त्यांनी माझी आस्थेने चौकशी केली, गाव विचारलं, नातं काढलं आणि सुकट संपवली. एकाने तर पुढच्या वेळी कोकम थोडं जास्त टाकायची सूचना केली. सुकट ही संरक्षणाची वस्तू नव्हे.

नावड. शेपूला कोणी हात लावत नाही हे खरं आहे. दुर्दैवाने मीही लावत नाही.

‘आज मीच केलंय.’ हा मी शोधलेला सर्वांत प्रभावी उपाय आणि या आवृत्तीतली मुख्य सुधारणा. ‘बघू जरा चव’ म्हणत चमचा डब्याच्या काठाशी आला की शांतपणे म्हणायचं, ‘बघा की. आज मीच केलंय.’ चमचा हवेतच थांबतो. पुरुषाने केलेल्या भाजीवरचा हा अविश्वास मला वैयक्तिक पातळीवर लागतो, पण दोन महिने मी पोटभर जेवलो.

बायकांच्या टेबलावर हे असलं काहीच लागत नाही, हे जाता जाता नोंदवतो. त्या गोल बसतात, सगळे डबे मध्ये ठेवतात; भाजी सगळ्यांची, पोळ्या जिच्या तिच्या. दोन पोळ्या आणि लिंबाच्या लोणच्याची फोड घेऊन आलेली नवी मुलगीही आठ भाज्या जेवून उठते आणि तिला कोणी चोर म्हणत नाही. मी त्या टेबलावर प्रवेशाचा अर्ज केला होता. नामंजूर झाला. कारण दिलं नाही.

दोन महिने पोटभर जेवलो म्हणालो ते खरं, पण पुढचंही सांगायला हवं. एका संध्याकाळी मी विजयाच्या भरात बायकोला हा सगळा डाव सांगितला. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्ही सांगितलंत की भाजी तुम्ही केली?’

‘हो.’

‘आणि त्याआधी ते रोज काय म्हणायचे?’

‘वहिनींच्या हाताला चव आहे म्हणायचे.’

‘हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत.’

यावर मार्गदर्शन उपलब्ध नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्याला चौथा पुडा आला, फक्त गृहस्थांसाठी, आणि संध्याकाळी रिकामा डबा घेताना मला प्रश्न यायला लागला, ‘आवडली का त्यांना?’ मी खरा अहवाल देत गेलो. त्यांना कारलं चालत नाही, म्हणून कारलं बंद झालं. मला कारलं आवडतं. त्यांना लाल भोपळ्याची मेथ्या घालून केलेली भाजी प्राणप्रिय, म्हणून आठवड्यातून तीनदा लाल भोपळा यायला लागला. मी लहानपणापासून लाल भोपळा खात नाही, हे बायकोला लग्नापासून माहीत आहे. मृच्छकटिकातल्या चारुदत्ताला घरी चोरी झाल्यावर समाधान वाटतं की चोर रिकाम्या हाती गेला नाही. त्या नाटकात चारुदत्ताच्या बायकोकडे डब्याचं खातं नव्हतं.

गेल्या महिन्यात गृहस्थांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. निरोपाच्या वेळी त्यांनी माझा हात धरला, डोळे पुसले आणि चमचा खिशात टाकून गेले. ही बातमी घरी सांगायचा धीर मला अजून झालेला नाही, त्यामुळे चौथा पुडा अजून येतो. सोम, बुध, शुक्र लाल भोपळा असतो. एक ते दीडच्या दरम्यान टेबलावर उघडून ठेवलेला असतो. गरजूंनी यावं. चमचा आपापला आणावा, आणि खाऊन झाल्यावर भाजी कशी होती ते मला सविस्तर सांगून जावं. संध्याकाळी सांगावं लागतं.