आत्म्याची थकबाकी
मराठी ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या तोंडावर, म्हणजे जिच्यात हिशेब मंजूर होतात आणि पंच निवडले जातात त्या सभेपूर्वी, चर्चच्या फलकावर ‘निष्क्रिय सभासदां’ची यादी लागते. निष्क्रिय सभासद म्हणजे ज्याची वर्गणी थकली आहे तो. श्रद्धा थकली असल्यास हरकत नसते, कारण तिची पावती फाडण्याची सोय अद्याप झालेली नाही.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा मंडळीतील प्रवेश, आणि दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात त्या प्रवेशाला स्वमुखाने दिलेली कबुली, हे विधी आयुष्यात एकदाच होतात व तेवढे पुरतात, असे ईश्वरविज्ञान मानते. पंचांचे ईश्वरविज्ञान याच्या पुढे गेलेले असून त्यात पावती हा तिसरा विधी आहे आणि तो दरमहा करावा लागतो. पावती असली की नाताळखेरीज चर्चची पायरी न चढणारा गृहस्थ सक्रिय ठरतो, आणि नसली की दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसणारी, पण पेन्शन अडकलेली निवृत्त परिचारिका निष्क्रिय ठरते. पावतीचे खरे सामर्थ्य मात्र थकबाकी भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी दिसते. त्या संध्याकाळी एकच इसम सतरा कुटुंबांची तीन वर्षांची वर्गणी रोख भरतो. पावत्यांचे क्रमांक लागोपाठ, हस्ताक्षर एक, आणि शेवटच्या स्थळप्रतींवर कार्बन इतका फिका उमटलेला की नावे अंदाजाने वाचावीत. सतरा घरांना एकाच तासात पश्चात्ताप व्हावा, आणि त्यांतील एक घर मस्कतला असल्याने त्याला आपल्या पश्चात्तापाची वार्ताही नसावी, ही घटना सामान्य नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत एका दिवशी सुमारे ३,००० माणसे मंडळीत आल्याची नोंद आहे, परंतु त्यांची वर्गणी कोणी भरली आणि त्यांनी मत कोणाला दिले, याबाबत तो ग्रंथ मौन पाळतो.

इंग्लंडमध्ये १५५९च्या कायद्याने रविवारच्या उपासनेस गैरहजर राहणाऱ्याला बारा पेन्स दंड ठेवला होता आणि तो त्या भागातील गरिबांसाठी खर्चायचा होता; जुलूमच तो, पण माणूस आला की नाही हे निदान कोणीतरी पाहत होते. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसण्यासाठी शिशाचे लहानसे टोकन लागे, आणि ते मिळण्याआधी विश्वासाविषयी काही प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत, म्हणजे कोणालातरी ते विचारावे लागत. पावतीला तेवढ्या गाठीभेटीचीही गरज उरलेली नाही, कारण क्यूआर कोड आता चर्चच्या दारालाच चिकटवलेला असतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात चुकलेल्या भावाशी कसे वागावे याचा क्रम दिलेला आहे: आधी एकट्याने एकांतात बोलावे, मग एकदोघांना बरोबर न्यावे, आणि तरीही त्याने ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. पंचांनी हा क्रम उलटा केला आहे. आधी फलक, मग पावतीपुस्तक घेऊन दोघे दारात, आणि एकांतातली भेट कधीच नाही. मांडीचे हाड मोडून वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे नाव फलकावर टाचणीने लावताना, आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणे हे मंडळीचेच कर्तव्य होते आणि ते एकदाही पार पडले नाही, हे एकाही पंचाला आठवू नये, याला विसराळूपणा म्हणता येत नाही. हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. वर्षभर कोण निष्क्रिय होते? तिच्या दारी न गेलेल्यांची यादी लावायला भिंतीवर जागा नसते, कारण भिंत देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांनी भरलेली असते, आणि पाट्यांतून उरलेली नावे पंख्यांच्या पात्यांवर रंगवलेली असतात, जी ऐन उन्हाळ्यात, पंखा फिरत असताना, देवालाही वाचता येणार नाहीत.

म्हातारी वारल्यावर कब्रस्तानातील जागेसाठी मुलगा येतो, तेव्हा मागील सर्व थकबाकी त्याच्याकडून वसूल होते आणि तिचे नाव त्याच दुपारी सक्रिय सभासदांत घेतले जाते. खड्डा खणण्याची मजुरी त्या रकमेत धरलेली नसते.