मालिकेतले चिरंजीव

मुलाला 'चिरंजीव' का म्हणतात, हे समजून घ्यायचं असेल तर संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावावा. मालिकेतले चिरंजीव गेली तीन वर्षं दहावीतच आहेत आणि त्यांना रोज दाढी करावी लागते.

घरात शिरतात तेच तणतणत. दप्तर एका खांद्यावर. ते सोफ्यावर भिरकावलं तरी आवाज होत नाही, कारण आत काही नसतंच. (आमच्याकडचं दप्तर पडलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात.) युनिफॉर्मच्या शर्टावर पाकिटातली घडी अजून शाबूत. आई पदराला हात पुसत विचारते, "बाळा, जेवून घेतोस ना?" झालं! "माझ्या आयुष्यात ढवळाढवळ करू नकोस!" मग कॅमेरा आईवर, आजीवर, आत्यावर आणि काही संबंध नसलेल्या कामवाल्या मावशींवरही. प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक वीज पडते. जेवण राहतं ते राहतंच.

चिरंजीवांना बीजगणित नसतं, सराव परीक्षा नसते, तोंडावर पुटकुळी तर नसतेच. असते ती फक्त 'वाईट संगत'. ती लेदरचं जाकीट घालून मे महिन्यातही गच्चीवर उभी असते.

घरात मुलगी असेल, तर तिला आईची लाज वाटते. हे दुखणं प्रांतोप्रांती सारखंच. 2019 साली बंगालीत 'श्रीमोयी' आली, त्याच वर्षी तिच्यावरून मराठीत 'आई कुठे काय करते!' आणि 2020 मध्ये हिंदीत 'अनुपमा'. तिन्ही घरांत दोन मुलगे, एक मुलगी. आईची बाजू घेणारा एक मुलगा, बाकीची दोघं बापाकडे झुकलेली. भाषा बदलली, स्वयंपाकघर बदललं, पोरांचा कृतघ्नपणा तेवढा जसाच्या तसा राहिला. राहणारच. पोरं गुणी निघाली तर आईने रडायचं कशावर?

दाढीचं कोडं मात्र कायद्याने सुटतं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही, आणि आठवड्याचे सहा दिवस भाग दाखवायचा तर घोडबंदरच्या बंगल्यात शूटिंग दिवसभर चालतं. म्हणून पोराला पाचगणीला पाठवतात, मालिका सात वर्षं पुढे उडी मारते आणि बोर्डिंगमधून थेट पंचविशीचा गडी परत येतो. दंड व्यायामशाळेतले, रुसणं शिशुवर्गातलं. आई चालू राहते त्याच वयावर. केसांत पांढरी बट सोडली की तिचं भागतं.

परवा चिरंजीव किंचाळले, "तुम्हाला मी नकोच होतो!" आमच्या सासूबाईंनी डोळे टिपले. इतक्यात आमचा दहावीतला चकलीचा तुकडा तोंडात धरून, बुटाची नाडी बांधत बाहेर आला. सासूबाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "तुझी संगतबिंगत ठीक आहे ना रे?"

तो दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिला.

"हा दहावीत? आमच्या पीटीच्या सरांपेक्षा मोठा दिसतो." मग जरा असूयेने, "आणि याला या वेळेला क्लास नसतो?"

"शूः!" सासूबाई म्हणाल्या. चिरंजीव रडायला लागले होते.