रानात रान

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, निदान सोसायटीचे सेक्रेटरी तरी होतात. मी वेल्ह्याकडे डोंगरउतारावर तीन एकर जमीन घेतली आणि जाहीर केलं, की इथे फक्त सह्याद्रीतली झाडं लागतील. त्या एका घोषणेने निम्मे नातेवाईक दुखावले. मेहुणा गुलमोहराची रोपं घेऊन आला, तर तो निघाला मादागास्करचा. (गुलमोहर, मेहुणा सांगलीचा.) बोगनवेल ब्राझीलची, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. सगळ्यांची रवानगी फाटकावरूनच.

मग बागेत उरलं काय? कारवी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. पाहुणे विचारतात, ‘‘फुलं कधी येणार?’’ मी साल सांगतो. ते मनातल्या मनात माझ्या वयात बेरीज करतात आणि विषय बदलतात. नरक्या वेळेवर फुलतो, पण दर्प असा, की त्यातून कर्करोगावरच्या औषधाचं द्रव्य मिळतं हे सांगेपर्यंत मंडळी नाक दाबून जांभळाखाली पोचलेली असतात.

दुर्मिळ म्हणून कंदीलपुष्प लावलं. त्याच्या नळीत शिरलेली माशी आतले केस सुकेपर्यंत अडकून पडते, मग पराग घेऊन सुटते. हे मी सविस्तर समजावतो, तेव्हा पाहुण्यांनाही त्या माशीची अवस्था पुरेपूर कळते. साळिंदराला मात्र वनस्पतिशास्त्रात रस नाही. कंद खाण्याजोगा असतो, एवढं ज्ञान त्याला पुरलं. दुर्मिळ वनस्पती त्याने एका रात्रीत आणखी दुर्मिळ केली.

शेजारच्या शेतातले आबा हे सगळं बांधावरून बघत असतात. एकदा म्हणाले, ‘‘सायेब, रानात रान लावायला पैसं कशाला घालताय? गुरं आवरा, वणवा येऊ दिऊ नका. बाकीचं पाखरं बघत्यात.’’

आणि पाखरांनी बघितलं! कुंपण पक्कं झाल्यावर करवंद, उंबर, अळू न बोलावता आले. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यांना धुमारे फुटले. पैसे मोजून आणलेल्या रोपांपेक्षा ही फुकटी मंडळी जोमात आहेत. ‘‘म्हणजे बाग पाखरांनी केली आणि बिलं आपण भरली,’’ हा सौभाग्यवतींचा ताळेबंद.

तेव्हा देशी बाग करायची असेल, तर आधी कुंपण घाला, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढा आणि खुरपं घरातल्यांकडे लपवायला द्या. नर्सरीत जायचंच असेल, तर त्यानंतर जा.