माऊली, भाडं द्या

शेगावात स्वतःचं घर असलं की माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन, ऋषिपंचमी आणि उन्हाळ्याची सुट्टी धरली, तर आमच्याकडे पाहुणा नसलेला दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवावा लागतो. गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासं आहेत, स्वच्छ आहेत, स्वस्त आहेत, हे आम्ही अधूनमधून सहज बोलल्यासारखं सुचवून पाहतो. "आपलं घर असताना तिकडे कशाला?" असं पाहुणेच आमची समजूत घालतात.

दर्शन सकाळी उरकतं. कचोरी होते. मग जेवण, आणि मग वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी दिवाणाखालून एक खोका बाहेर निघतो. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, झाकणावर मागच्या कुठल्यातरी पिढीने सांडलेल्या चहाचं वर्तुळ. आत 'व्यापार'.

या घरात कॅरम आला, त्याची राणी हरवली. ल्यूडो आला, तो मोबाइलमध्ये गेला. पत्ते आजीने देवघरामागे दडवलेत, कारण पत्ते म्हणजे जुगार. व्यापार मात्र तिला चालतो. त्यात भाडेवसुली, गहाणखत, तुरुंग आणि दिवाळं असलं तरी पैसे खोटे असतात ना!

मला विचाराल तर शेगावात हा खेळ टिकण्याचं कारण सकाळच्या दर्शनातच आहे. महाराज 1878 साली गावाला पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. अंगावर धड वस्त्र नाही, घर नाही, दार नाही. त्यांच्या समाधीपुढे माणूस गहिवरतो, 'काय आणलं होतं नि काय नेणार' म्हणत डोळे पुसतो. एवढं वैराग्य अंगावर घेऊन घरी आलेल्या माणसाला ते कुठेतरी उतरवायला नको? दुपारी अडीच वाजता तोच माणूस स्वतःच्या सासूकडून मलबार हिलचं भाडं वसूल करतो. संस्थानात सेवेकरी सगळ्यांना 'माऊली' म्हणतात, ती सवय जिभेवर राहिलेलीच असते. "माऊली, भाडं द्या." स्वर मवाळ, हात मात्र पसरलेला.

खरा प्रश्न कूलरचा. चालू ठेवला तर नोटा उडतात, बंद केला तर माणसं उकडतात. मग प्रत्येकजण आपल्या संपत्तीवर काहीतरी ठेवतो. कोणी अडकित्ता, कोणी चष्म्याचं घर, कोणी मोबाइल. मामांनी एकदा हाताला लागली म्हणून पोथी उचलली, तेव्हा आजीने त्यांच्या मनगटावर असा फटका मारला की ती फेरीच त्यांनी सोडून दिली. तरी एखादी पाचशेची नोट सुटतेच आणि कूलरच्या मागच्या जाळीला जाऊन चिकटते. ती सोलून काढायची, खिडकीत वाळत घालायची, आणि ओल्या नोटेने भाडं भरलेलं चालतं का यावर दोन घराण्यांनी भांडायचं.

हा खेळ जमीनदारीची चटक लावायला नव्हे, तिची चीड यावी म्हणून निघाला होता. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी त्याचं पेटंट 1904 साली मिळवलं. जागा अडवून बसणारा बाकीच्यांना कसा कंगाल करतो हे लोकांना कळावं, हा हेतू. लोकांना ते इतकं छान कळलं की जो तो जागा अडवायला बसला. पुढे चार्ल्स डॅरो या गृहस्थाने हाच खेळ आपला म्हणून पार्कर ब्रदर्सला विकला. 1935 साली 'मोनोपॉली' बाजारात आला, डॅरो मालामाल झाला आणि बाईंच्या पेटंटचे पाचशे डॉलर झाले. हे मी आजीला सांगितलं. सुपारी कातरता कातरता ती म्हणाली, "म्हंजे बाईनं रांधलं अन् बाप्यानं नाव कमावलं. त्यात नवीन काय आहे बापा?"

अमेरिकेतल्या पाटावर अटलांटिक सिटीचे रस्ते होते, लंडनच्या पाटावर लंडनचे. आपल्याकडच्या 'व्यापार'च्या पाटावर मुंबई आली. त्यामुळे मुंबईत खोलीचं डिपॉझिट ऐकून परत फिरलेले आमचे काका शेगावात मांडी घालून मरीन ड्राइव्ह विकत घेतात, आणि वर "जरा महागच पडलं" म्हणतात.

पुण्याचे जावई गणित मांडतात. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 6 वेळा बेरीज सात येते, तिच्या आसपासचे आकडेही बरेचदा पडतात. सगळे सारखे तुरुंगात जातात. तेव्हा तुरुंगापासून सहा, आठ, नऊ घरांवरच्या जागा घ्याव्यात. गणित बरोबर आहे. पण आजी फक्त रेल्वे घेते. "गाडी थांबते म्हणून तर हे समदे येतात. मंग भाडं मीच घेईन."

डाव संपत मात्र नाही. मूळ नियम असा की कोणाला जागा नको असेल तर तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. आमची नियमपत्रिका केव्हाच गहाळ झाली, त्यामुळे "राहू दे, पुढच्या फेरीत घेते" म्हणत आत्या चर्चगेट तासभर अडवून धरते. त्यात कोणाचं दिवाळं निघालं की आजी पदराआडून हजाराची नोट सरकवते. "लेकरू आहे." लेकरू बँकेत मॅनेजर आहे.

शेवटी गाडीची वेळ होते. आत्या पाटाचा फोटो काढते, आपल्या जागांची कार्डं पर्समध्ये टाकते आणि डबा-पिशव्या घेऊन स्टेशन गाठते. अकोल्याला उतरल्यावर फोन येतो, "पोचलो गं. अन् चर्चगेटवरचं माझं हॉटेल कोणी हलवलं नाही ना?"

नाही, नाही, म्हणून आई शपथेवर सांगते. तेव्हा नांदुऱ्याचे पाहुणे त्याच पाटाभोवती बसलेले असतात, आणि हॉटेल त्यांच्या धाकट्याच्या तोंडात असतं.