गॉगलमधला समुद्र

कापूरहोळच्या चौकात परवा एका आमदारानं माझ्याकडे गॉगलमधून रोखून पाहिलं. वय वर्ष एक. आमदार व्हायचाय अजून, पण फ्लेक्सवर छापून झालंय: 'भावी आमदार, आपले लाडके युवराज'. उंची बारा फूट, डोक्याला फेटा, बुडाखाली सोनेरी सिंहासन. पायाशी एक्केचाळीस शुभेच्छुक, हात जोडून.

मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटरचं असतं, वर्षाचं होईतो ७५चं. वजन पाचेक महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट. या वेगानं माणूस पुन्हा जन्मात वाढत नाही. बापाला हा वेग कमी वाटला. त्यानं एका रात्रीत बारा फूट करून घेतलं.

माझा जीव मात्र त्या गॉगलमध्ये अडकला. वर्षाचं पोर ज्यानं सांभाळलंय त्याला ठाऊक आहे, या वयात हाताला लागेल त्या वस्तूचा मुक्काम तोंडात. टोपडं दोन मिनिटं टिकत नाही, एक मोजा कायम हरवलेला, आजीचा चष्मा दिवसातून चारदा ओढला जातो. मग हा गॉगल नाकावर राहिला कसा? जवळ जाऊन पाहिलं, तर डाव्या काचेत समुद्र होता. समुद्र, आणि काठाला दोन नारळाची झाडं. इथून भोरमार्गे समुद्राकडे जायचं तर वरंधा घाट उतरून महाड गाठावं लागतं. पावसाळ्यात घाट बंद झाला की माणसं अडकतात. समुद्र मात्र बिनबोभाट वर चढून आला होता. न राहवून फ्लेक्सवाल्याचं दुकान गाठलं. तो म्हणाला, "सायेब, गॉगल फ्री हाय. फेटा घेतला की तलवार पण देतो." हाच गॉगल त्यानं गेल्या महिन्यात शर्यतीच्या बैलाला घातला होता, त्याआधी एका नवरदेवाला. बैलाला जास्त शोभला म्हणे. "आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला?" "अजून कुनी मागितला न्हाई." शेवटी विचारलं, "पण बाळाचे मूळचे डोळे कुठायत?" तो म्हणाला, "मिटल्यालं व्हतं. फोटू झोपंतला हाय. म्हनून तर गॉगल!"

म्हणजे भावी आमदार झोपलेला आहे. इथे विनोद करायचा मोह आवरतो.

बापानं पोराचं भविष्य सांगावं, ही या मुलखाची जुनी रीत आहे. पलीकडे वेल्ह्यात, राजगडावर, २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराज जन्मले ते पालथे. अपशकुन म्हणून लोकांचे चेहरे पडले. शिवाजी महाराज म्हणाले, हा दिल्लीची पातशाही पालथी घालील. बखरीत तसं आहे. पण ते बोलणाऱ्या बापानं स्वतः राज्य उभं केलं होतं, पोराकडे नुसती पुरवणी मागितली होती. आमच्या युवराजांच्या बापानं स्वतः अजून ग्रामपंचायतीचा फॉर्म भरलेला नाही. सगळा भार त्यानं ज्याची टाळू अजून भरलेली नाही अशा माणसावर टाकलाय.

इथवर मी हसत होतो. मग एक्केचाळीस तोंडं मोजली. काका, मामा, मामाचे मित्र, मित्रांचे नेते, जिमवाले, ट्रॅक्टरवाले. कानाला फोन लावलेले सात. आणि बाई? एकही नाही. आईसुद्धा नाही! जिनं नऊ महिने पोटात वागवलं, रात्री तीन तीनदा उठून पाजलं, सहाणेवर गुटी उगाळली, तिला पासपोर्ट फोटोएवढी जागा मिळाली नाही. बैलाला गॉगल मिळतो हो! आणि हे कुठं, तर कापूरहोळला. सईबाईंना दूध येईना तेव्हा संभाजी महाराजांना अंगावर पाजणारी धाराऊ याच गावची. साडेतीनशे वर्षांवर झाली, दूध पाजणारीचं नाव या गावानं टाकलं नाही. त्याच गावच्या चौकात शुभेच्छुकांच्या गर्दीत सख्खी आई बसत नाही. बसत नाही म्हणे! त्या सिंहासनाचा एक पाय कापला असता तरी बसली असती.

वाढदिवसाला मलाही बोलावणं होतं, पेपरात छापून येईल या आशेनं. मांडवात डीजे सुरू झाला तसं युवराजांनी भोकाड पसरलं. आई त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. पुढे एक्केचाळीस सत्कार चालू, म्हणून मीही मागे सटकलो. पोर आधी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसलं, बराच वेळ, जणू कुणी आत्ताच आणून लावलाय. मग दाराची चौकट धरून उभं राहिलं. हात सोडला. एक पाऊल. दुसरं. आणि बूड टेकलं.

"अगं बया!" आई एवढंच म्हणाली. आजीनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

बातमी मांडवात पोचली. बाप मोबाईल सरसावत धावत आला, गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल. गुडघे टेकून म्हणाला, "राजा, परत कर! एकदा परत कर रे!"

पोरानं हात पुढे केला, बापाच्या डोळ्यांवरचा गॉगल ओढला आणि तोंडात घातला.