निळा पडदा आता काढा

टर्बो सी लॅबमधून काढून टाका. बोरलँडने ते १९८७ मध्ये डॉससाठी आणलं. सी भाषेचं पहिलं अमेरिकी प्रमाण १९८९ चं. म्हणजे आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं ज्या निळ्या पडद्यावर आजही प्रोग्राम लिहायला शिकतात, त्याचा जन्म या प्रमाणाच्याही आधीचा. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये जुना संगणक उभा करून त्यात ते चालवतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर जर्नल तसंच लिहिलेलं आहे आणि एक्स्टर्नलला तेच बघायची सवय आहे म्हणून.

भुर्दंड मुलांना पडतो. फॅक्टोरियलचा प्रोग्राम घ्या, तो प्रत्येक जर्नलमध्ये असतो. सातचं उत्तर ५०४० बरोबर येतं. आठचं ४०३२० यायला हवं, पडद्यावर येतं उणे २५२१६. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे त्यात मावत नाही. मूल बिचारं आपलं लूप तपासत बसतं. जीसीसी या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असतो, बारापर्यंत उत्तरं बरोबर येतात. तेराला तोही चुकतो, पण त्याचा सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना चुका पकडणारा पर्याय, चालू ठेवला तर कुठल्या ओळीत आकडा उतू गेला ते सांगतो. नवशिक्याला हेच हवं असतं: चूक झाली की तिथल्या तिथे बोलणारा कंपायलर.

स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरणं ही सगळ्यांची पहिली चूक. जीसीसीला वॉल हा पर्याय देऊन चालवा, तो ओळ दाखवून सांगतो की इथे पत्ता हवा होता, तुम्ही नुसता आकडा दिलात. टर्बो सी हे सांगत नाही. ॲरेच्या बाहेर लिहिलं तरी डॉसवर अडवणारं कुणी नसतं, प्रोग्राम चालल्यासारखा दिसतो आणि मुलाला वाटतं जमलं. क्लिअरस्क्रीन, गेटसीएच या सवयी तर नोकरीच्या पहिल्या चाचणीतच उघड्या पडतात, कारण तिथे कोनिओ नावाची हेडर फाइल सहसा नसते.

मग घ्यायचं काय? लिनक्स असेल तर जीसीसी. विंडोज असेल तर त्यात लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल बसवा आणि त्यात जीसीसी. लॅपटॉपच नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे अशी मुलं खूप आहेत. त्यांनी टर्मक्स घ्यावं, त्यात क्लँग हा कंपायलर मिळतो. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. व्हीएस कोड हा एडिटर आहे, कंपायलर नव्हे. तो बसवून ‘सी चालत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

अभ्यासक्रमात कंपायलरचं नाव छापलेलं असेल तर ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने खोडावं. नसेल, तर मास्तरांना कुणीच अडवलेलं नाही. नवी बॅच यायच्या आत लॅबच्या यंत्रांवर जीसीसी टाका आणि जर्नलमधले जुने प्रोग्राम त्यावर एकदा चालवून बघा. वॉलच्या सूचना मोजा, कुठले प्रोग्राम बदलायचे ते आपोआप कळेल.