काही नाही होत बाप्पा!

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल आला आणि नागपूरकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. देशातल्या ४४० जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट मर्यादेबाहेर, महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त नापास, आणि सर्वांत वाईट पंधरा जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा ही सगळी शेजारची मंडळी. नागपूर नाही! यादीत नाव नसल्याचा इतका आनंद या शहराला फार दिवसांनी झाला.

कारणही सगळ्यांना तोंडपाठ. शेतकरी युरिया ओततो. गोणी स्वस्त, म्हणून मूठ सैल. हे खरंच आहे, त्यावर वाद नको. पण शहरातल्या बोअरमध्येही नायट्रेट निघतं, आणि आमच्या लेआऊटमध्ये कपाशी कोणी पेरत नाही. खापर तयार आहे, फोडायला डोकं सापडत नाही.

शहरातला युरिया येतो आपल्यातूनच. माणसाच्या शरीरातून रोज साधारण दहा ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, बहुतेक सगळा लघवीतून, आणि तोही मुख्यतः युरियाच्याच रूपात. गोणीतलं रसायन तेच, फक्त याला अनुदान नाही. सेफ्टी टँकमध्ये त्याचा अमोनिया होतो. तिथून तो मातीत उतरला, हवा लागली, की जिवाणू कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता त्याचं नायट्रेट करून टाकतात. अमोनियाला माती थोडीफार धरून ठेवते. नायट्रेटला नाही. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे ते पाण्यासोबत सरळ खाली. एका माणसाचा एका दिवसाचा सगळा नायट्रोजन असा खाली पोचला, तर हजार लिटर निर्मळ पाणी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला टेकवायला तेवढा पुरतो. गच्चीवरची काळी टाकी असते ना, तेवढं. माणशी एक, रोज.

आता आमच्याकडची नगररचना पाहा. गुंठेवारीच्या लेआऊटमध्ये आधी प्लॉट विकले गेले, मग घरं झाली, मग नगरसेवक झाला, आणि गडरलाइन यायची आहे. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर पुढे बोअर, मागे सेफ्टी टँक, मध्ये आपण. जुन्या वस्त्यांत गडरलाइन आहे, पण ती इतकी जुनी, की सांडपाणी शेवटच्या टोकापर्यंत नेण्याचा आग्रह तिने सोडून दिलाय. वरून सिमेंटचे रस्ते. जे पावसाचं पाणी मुरून नायट्रेट पातळ करू शकलं असतं, ते रस्त्यावरून घरंगळत नाग नदीला मिळतं. गळती मात्र रस्त्याच्या खालीच, तिला सिमेंटचा काही त्रास नाही. पाण्याचं शुद्धीकरण देशाला शिकवणारी नीरी ही संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, हे आपलं जाता जाता.

आमच्या सोसायटीत हा विषय निघाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका सूनबाईंमुळे. त्यांनी कोणाला न विचारता बोअरचं पाणी तपासून आणलं. मानकात ४५, त्यापुढे कसलीही सवलत नाही, आणि आमचा आकडा त्याच्या दुपटीपुढे. तातडीची सभा बोलवावी लागली.

अध्यक्ष काकांनी आधी बोअरच्या पाण्याचा ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून सर्वांना दाखवला. पाणी काचेसारखं. मग एक घोट घेतला. "चव पाहा नं! काही नाही होत बाप्पा, वीस वर्षांपासून पिऊन राहिलो." नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं सूनबाई म्हणाल्या. ज्याला काहीच नाही त्याला घाबरायचं कशाला, हा काकांचा प्रतिप्रश्न टाळ्यांनी मंजूर झाला.

मग उपाय. एकाने तुरटी सुचवली, दुसऱ्याने कँडलचा फिल्टर. खजिनदारांनी बिनखर्चाचा तोडगा काढला: पाणी उकळा. सूनबाईंनी सांगितलं, की उकळल्यावर पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. कोणाला पटलं नाही. उकळण्यावर या देशाची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला प्रयोगशाळेचा कागद दाखवणं बरं दिसत नाही.

शेवटी ज्याच्या-त्याच्या घरी आरओ आहेच, हे लक्षात आलं आणि सभेचा जीव भांड्यात पडला. आरओने नायट्रेट बरंचसं निघतं, हे खरं. निघालेलं जातं कुठे? त्याच्या बारीक नळीतून मोरीत, मोरीतून सेफ्टी टँकमध्ये, आणि आमच्या सोसायटीने तर वर्षभरापूर्वी पर्यावरणप्रेमाने ते दाट पाणी जलपुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलंय. बोअरच्या शेजारी. त्याबद्दल सेक्रेटरींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला होता.

सभा उठायच्या बेतात असताना सूनबाईंनी पंपरूमचा विषय काढला. तिथे वॉचमन राहतो, बायको आणि तीन महिन्यांचं बाळ. बाईला दूध पुरत नाही, बाळ डब्याच्या पावडरवर आहे. पावडर बोअरच्या पाण्यात कालवतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, बाळ निळं पडतं. अमेरिकेतल्या आयोवात एका डॉक्टरने विहिरीच्या पाण्यावरची अशी बाळं १९४५ मध्येच पाहून लिहून ठेवलंय.

सभा क्षणभर गंभीर झाली. पंपरूममध्ये आरओ बसवायचा तर मेंटेनन्स वाढेल, आणि वॉचमनला आरओ दिला तर उद्या कामवाल्या बायाही मागतील. त्यापेक्षा नळावर 'हे पाणी लहान मुलांना देऊ नये' असा फलक लावावा, अशी सूचना आली. पण फ्लॅट पाहायला येणारं गिऱ्हाईक पंपरूमवरूनच आत येतं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सध्या विक्रीला आहे, तो अध्यक्ष काकांच्या साळ्याचा. फलकाचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत तहकूब झाला.

खाली उतरताना खजिनदारांनी वॉचमनला आवर्जून बजावलं. बाळाचं पाणी चांगलं वीस मिनिटं उकळत जा.